निवेदनात नेमकं काय मागावं: अमली पदार्थांच्या कायद्याच्या आढाव्याविषयी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयातला एक मुलगा एमडीच्या (मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या) पुडीसह पकडला गेला. गावात सभा झाली. आता पालक संघातर्फे आमदारांना निवेदन द्यायचं ठरलंय की महाराष्ट्राने स्वतःचा वेगळा, कडक कायदा करावा आणि शिक्षा दुप्पट करावी. सभेतल्या एका तरुण प्राध्यापकांनी मात्र पोर्तुगालचं उदाहरण देऊन सेवन करणाऱ्याला गुन्हेगार धरूच नका असं सांगितलं, आणि त्यावरून बरंच वाजलं. यातलं काय मागावं, आणि विधिमंडळाला ते करता तरी येतं का, हे तुम्हाला हवंय.

मी 22 वर्षं सत्र न्यायालयात काम करतेय. सुरुवातीची 6 वर्षं सरकारी वकील म्हणून, त्यानंतर बचावाच्या बाजूने. एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्याखालचे, खटले दोन्ही बाजूंनी चालवले आहेत. जन्मठेपेच्या लायकीचे लोक सुटताना पाहिले, आणि ज्यांना दवाखान्यात न्यायला हवं होतं ती पोरं तुरुंगात जातानाही पाहिली. त्यामुळे या विषयावर मला तटस्थ राहता येत नाही, हे आधीच सांगते.

आधी अधिकाराचं बघू, कारण त्यावर निवेदनाचा पत्ता ठरतो. आपल्याकडचा मुख्य कायदा केंद्राचा आहे: गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985. यालाच आपण एनडीपीएस म्हणतो. तो 14 नोव्हेंबर 1985 पासून लागू आहे. त्याआधी 1857 आणि 1878 चे अफू कायदे आणि 1930 चा घातक औषधींचा कायदा होता. राज्यघटनेत औषधं आणि विषं हा विषय समवर्ती सूचीत येतो. म्हणजे राज्याला कायदा करता येतो, पण तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर अनुच्छेद 254 खाली राष्ट्रपतींची संमती लागते. दारूचं तसं नाही, तो राज्याचाच विषय आहे. म्हणून दारूबंदी जिल्ह्यापुरतीसुद्धा करता येते. गांजा किंवा एमडीच्या शिक्षेचा आकडा मात्र मुंबईत बसून सहज बदलता येत नाही.

आणि महाराष्ट्राकडे स्वतःचं काहीच नाही असंही नाही. एमपीडीए म्हणून आपण ज्याला ओळखतो तो 1981 चा कायदा झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांबरोबर औषधिद्रव्यविषयक गुन्हेगारांनाही लागू आहे, आणि त्याखाली खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येतं. शिवाय जुलै 2025 च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळाने मकोकामध्ये, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्यात, दुरुस्ती मंजूर करून 'संघटित गुन्हा' या व्याख्येत अमली पदार्थांचे गुन्हे आणले. त्यामुळे 'कडक कायदा करा' असं निवेदन घेऊन गेलात तर आमदारसाहेब 'केलाय की!' म्हणतील आणि विषय तिथेच संपेल.

आता शिक्षेचं. ती किती कमी आहे म्हणून दुप्पट करायची, ते एकदा नीट बघा. कायदा पदार्थाच्या वजनावरून तीन पायऱ्या पाडतो: अल्प मात्रा, व्यापारी मात्रा आणि या दोन्हींच्या मधली. अल्प मात्रेला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला 10 वर्षांपर्यंत. व्यापारी मात्रेला किमान 10, कमाल 20 वर्षं आणि किमान 1 लाख दंड. व्यापारी मात्रेत जामिनासाठी कलम 37 आडवं येतं: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि तो सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते, तीसुद्धा खटला सुरू होण्याआधी. मोठ्या मात्रेच्या दुसऱ्यांदा सिद्ध झालेल्या ठरावीक गुन्ह्यांना फाशीची तरतूद 1989 मध्येच आली. ती बंधनकारक होती, 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोडली आणि 2014 मध्ये संसदेने कायद्यातच तसा बदल केला.

20 वर्षांच्या वर काय दुप्पट करणार? माझ्या अनुभवात एकाही विक्रेत्याने 'शिक्षा 20 वर्षं आहे, 40 असती तर धंदा केला नसता' असा हिशेब केलेला नाही. त्याचा हिशेब असतो आपण पकडले जाऊ का, आणि पकडले गेलो तर केस टिकेल का. खरा प्रश्न याच दुसऱ्या भागात आहे, आणि तुमच्या निवेदनाचा मोठा हिस्सा तिथे खर्च व्हायला हवा असं मला वाटतं.

केस कुठे मोडते ते सांगते. सरकारी बाजूला असताना माझ्याकडे गांजाचा एक खटला होता. साठा 21 किलो 300 ग्रॅम. गांजाची व्यापारी मात्रा 20 किलो, म्हणजे दीड किलोहून थोडा कमी फरक. न्यायालयात मुद्देमाल उघडला. गोणीच्या तोंडावरची लाख तडकलेली, पंचांच्या सहीची चिठ्ठी ओल लागून पुसट झालेली, सही कुणाची ते पंचालाही ओळखता येईना. गोणीतून वाळलेले फुलोरे निघाले, पण त्याबरोबर बोटाएवढे जाड देठ, खालची मोठी पानं आणि मूठभर बियाही निघाल्या. बचावाच्या वकिलांनी शांतपणे कायद्याची व्याख्या वाचून दाखवली. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांपासून वेगळी पडलेली पानं आणि बिया गांजात धरत नाहीत. (भांग या कायद्यातून सुटते ती याच व्याख्येमुळे.) मग त्यांनी तपास अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारला: शेंडे वेगळे काढून वजन केलं होतं का? केलं नव्हतं. शिवाय ते वजन गोणीसकट होतं. व्यापारी मात्रेचा खटला तिथेच मधल्या मात्रेवर उतरला.

त्या दिवशी मला राग आला होता. पुढे बचावाच्या बाजूला गेल्यावर हाच प्रश्न मी स्वतः कितीतरी वेळा विचारला, आणि दर वेळी तो रास्तच होता. कायद्याने 10 वर्षांची किमान शिक्षा वजनावर टांगली असेल, तर वजन नीट करणं हे सरकारचं पहिलं काम आहे.

असे सांधे आणखी आहेत. कलम 50 घ्या. अंगझडती घ्यायची असेल तर ती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेण्याचा तुमचा हक्क आहे, हे त्या माणसाला सांगावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 1999 आणि पुन्हा 2010 मध्ये हे बंधनकारक ठरवलं. 2014 मध्ये असंही सांगितलं की दोघांना मिळून एकच नोटीस चालत नाही आणि 'किंवा छापा पथकातल्या अधिकाऱ्यासमोर' असा तिसरा पर्याय पुढे करता येत नाही. तरीही दोघा आरोपींच्या सह्या एकाखाली एक असलेली नोटीस मी अजून पाहते. कलम 42 खाली मिळालेली खबर लिहून काढायची आणि 72 तासांत वरिष्ठांना कळवायची असते. ठाणे दैनंदिनीतली ती नोंद आणि वरिष्ठांकडे गेलेलं पत्र यांच्या वेळा जुळत नाहीत, असं कितीतरी वेळा होतं.

मग कलम 52अ. जप्त मालाची यादी, छायाचित्रं आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर घ्यायचे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात दिरंगाई नको असं बजावलं. डिसेंबर 2022 मध्ये जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट यांचे नवे केंद्रीय नियम आले. 2023 मध्ये 52अ पाळलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एकाला निर्दोष सोडलं, तर जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की केवळ या एका चुकीने खटला पडत नाही, बाकीचा पुरावा सबळ असला पाहिजे. म्हणजे निकाल त्या त्या खटल्याच्या पुराव्यावर ठरणार. पोलिसांनी मात्र ही सूट समजू नये, कारण बाकीचा पुरावा बहुतेक वेळा दोन पंचांवर उभा असतो, आणि पंच फितूर होतात. चहाच्या टपरीवरून बोलावून आणलेला माणूस चार वर्षांनी साक्षीला येतो तेव्हा त्याला फार तर इतकं आठवतं की त्याने कुठेतरी सही केली होती.

यावर एक उपाय आज हातात आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्श्राव्य चित्रण करायचं आहे. पुडी कुठून निघाली, काट्यावर आकडा किती आला, सील कधी लागलं, हे सगळं चित्रणात आलं तर पंच फितूर झाला तरी केस उभी राहते, आणि पुडी कुणाच्या खिशात टाकली असेल तर तेही दिसतं. पोलीस आणि आरोपी, दोघांनाही उपयोगी पडणाऱ्या तरतुदी कायद्यात फार थोड्या असतात. ही त्यातली एक. तुमच्या तालुक्यातल्या पोलीस ठाण्याकडे त्यासाठी साधन आहे का, साठवणुकीची सोय आहे का, हे आमदार विधानसभेत विचारू शकतात. त्याला कायद्यात बदल लागत नाही.

रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाचंही तसंच. आपण त्याला सीए रिपोर्ट म्हणतो. तो येईपर्यंत पुडीतला पांढरा पदार्थ एमडी आहे की खडीसाखरेचा चुरा, हे कुणालाच पक्कं माहीत नसतं. माझ्या एका अशिलाच्या प्रकरणात अहवाल 11 महिन्यांनी आला आणि त्यात अमली पदार्थच सापडला नाही. तोवर त्याची नोकरी गेलेली, धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलेलं. प्रयोगशाळा राज्य सरकारच्या, तिथली पदं भरणं राज्याच्या हातात, आणि एनडीपीएसची विशेष न्यायालयं स्थापन करण्याचा अधिकारही कलम 36 ने राज्याला दिलेला आहे.

आता मकोकाच्या दुरुस्तीबद्दल, कारण सभेत तिचा उल्लेख झाल्याचं तुम्ही लिहिलंय. लोकांना वाटतं की मकोका लागला की जामीन बंद, म्हणून तो कडक. पण व्यापारी मात्रेत एनडीपीएसचं कलम 37 जामिनाला जवळपास तेवढीच कुंपणं घालतं. दोषारोपपत्रासाठी 180 दिवस मकोकात आहेत, तेही व्यापारी मात्रेसाठी एनडीपीएसमध्ये आधीपासून होते. मग नवीन काय मिळालं? माझ्या मते मुख्य गोष्ट कबुलीजबाब. ऑक्टोबर 2020 मध्ये तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की एनडीपीएसच्या कलम 67 खाली अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. मकोकाच्या कलम 18 खाली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालतो. एका बाजूने बंद झालेला रस्ता दुसऱ्या बाजूने उघडला, असं म्हणता येईल.

हे चांगलं की वाईट, ते तो कुणाविरुद्ध वापरला जातो यावर आहे. एमआयडीसीतल्या गाळ्यात रसायनं आणून शेकडो किलो एमडी तयार करणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात सापडल्या आहेत. पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभचं प्रकरण फेब्रुवारी 2024 चं, नाशिकजवळच्या शिंदे गावचं त्याआधीचं. तिथे पैसा लावणारा एक, सूत्र जाणणारा दुसरा, गाडी चालवणारा तिसरा असतो, आणि मालाला हात न लावणारा माणूस एरवी सुटतो. अशांसाठी मकोका योग्य हत्यार आहे असं मी बचावाची वकील असूनही मानते. त्यात पूर्वमंजुरीच्या अटी आहेत, टोळीचा आणि आधीच्या 10 वर्षांतल्या दोषारोपपत्रांचा आधार लागतो. कॉलेजच्या पोराला पुडी विकणाऱ्या आणि स्वतःही ओढणाऱ्या पोरावर तो लावायची घाई सुरू झाली, तर मात्र तुरुंग भरतील आणि गाळेवाले नवी पोरं शोधतील.

इथून मी त्या गोष्टीकडे येते जी माझ्या मते आढाव्याच्या केंद्रस्थानी हवी: सेवन करणारा कोण आणि विकणारा कोण, हे आपला कायदा ठरवतो कसं? वजनावर. 19 ऑक्टोबर 2001 च्या केंद्राच्या अधिसूचनेने तक्ता दिला. हेरॉईनची अल्प मात्रा 5 ग्रॅम, व्यापारी 250 ग्रॅम. चरस 100 ग्रॅम आणि 1 किलो. गांजा 1 किलो आणि 20 किलो. कोकेन 2 ग्रॅम आणि 100 ग्रॅम. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, तेव्हा यादीतच नव्हतं. मुंबईत ते 'म्याव म्याव' नावाने सर्रास मिळू लागलं तरी फेब्रुवारी 2015 पर्यंत पोलिसांचे हात बांधलेले होते. मग अधिसूचनेने ते आत आलं: अल्प 2 ग्रॅम, व्यापारी 50 ग्रॅम.

आता ब्राऊन शुगरचं व्यसन असलेला एखादा मजूर डोळ्यांपुढे आणा. रोजची पुडी महाग पडते म्हणून तो आठवड्याची एकदम घेतो. पुडीत हेरॉईन थोडं, बाकी भेसळ. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की शुद्ध अंश मोजा. 2009 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून पूर्ण मिश्रणाचं वजन धरायला सांगितलं आणि एप्रिल 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यामागचा विचार मला कळतो. रस्त्यावर शुद्ध माल कधीच विकला जात नाही, आणि भेसळही तितकीच मारते. पण परिणाम असा की 7 ग्रॅमच्या पुड्या घेऊन निघालेला तो मजूर, ज्याच्या मालात खरं हेरॉईन एक ग्रॅमही नसेल, 5 ग्रॅमची रेघ ओलांडतो आणि 1 वर्षाच्या गुन्ह्यातून 10 वर्षांच्या गुन्ह्यात जाऊन बसतो. मधल्या मात्रेत न्यायाधीशाला विवेक आहे, किमान शिक्षा नाही, हे खरं. पण कलम 64अ चं दार त्याच्यासाठी बंद होतं.

हे 64अ तुमच्या गावातल्या प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायची तयारी दाखवली, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. शिवाय कलम 39 खाली सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा सिद्ध झाल्यावरही न्यायालय व्यसनी आरोपीला, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. या तरतुदी कित्येक वर्षांपासून कायद्यात आहेत. वापर किती होतो? मी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात जे पाहते ते असं: सकाळी पोराला आणतात. कुणीतरी सांगतं, 'गुन्हा कबूल कर, दंड भर, संध्याकाळी घरी.' बाप घाबरलेला असतो, तो खिशातून पैसे काढतो. पोरगं खरोखरच संध्याकाळी घरी जातं, आणि रात्री पुन्हा तेच घेतं, कारण व्यसनाला कुणी हातच लावलेला नाही. तीन वर्षांनी नोकरीसाठी पोलीस पडताळणी होते तेव्हा ती शिक्षा समोर येते. बाप मग माझ्याकडे येतो आणि विचारतो, 'मॅडम, तेव्हा कुणी सांगितलं का नाही?'

तेव्हा कुणी सांगितलं नाही, कारण सांगणं हे कुणाचंच ठरलेलं काम नाही. मला हे मनापासून लागतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील प्रत्येक न्यायालयात असतो. सेवनाच्या प्रकरणात पहिल्या हजेरीलाच 64अ ची माहिती आरोपीला त्याच्या भाषेत द्यावी आणि दिल्याची नोंद करावी, एवढी साधी व्यवस्था झाली तरी कितीतरी घरं वाचतील. अर्थात दवाखाना जवळ असेल तर. तालुक्याला मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्रच नसेल तर 64अ कागदावरच राहतं. कलम 71 खाली अशी केंद्रं काढायची मुभा राज्यालाही आहे.

प्राध्यापकांच्या पोर्तुगालच्या मुद्द्याला मी हसणार नाही, त्यात शिकण्यासारखं आहे. तिथे 1 जुलै 2001 पासून सरासरी 10 दिवसांच्या वैयक्तिक वापराइतका साठा बाळगणं गुन्हा राहिला नाही. माणूस न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या आयोगापुढे जातो, आणि विक्री तिथेही गुन्हाच आहे. पण त्यांनी त्याच वेळी उपचारांवर पैसा ओतला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2020 मध्ये जनमताने तसंच केलं: बाळगण्याला 100 डॉलरचा दंड, किंवा एका क्रमांकावर फोन करून तपासणी. फोन फार थोड्यांनी केला, उपचारांची व्यवस्था उभी राहायला उशीर झाला, लोक वैतागले, आणि 1 सप्टेंबर 2024 पासून तिथे बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. याचा मी लावलेला अर्थ असा की शिक्षा काढणं हा कामाचा सोपा भाग आहे, तिच्या जागी काय उभं करायचं ते आधी तयार हवं. आपल्याकडे 2021 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने थोडी मात्रा स्वतःसाठी बाळगणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचार द्यावेत अशी शिफारस केली होती. पण एनडीपीएस कायदा महसूल विभागाच्या, म्हणजे अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, अंमलबजावणी गृहखात्याकडे आणि उपचार सामाजिक न्यायाकडे. तीन खात्यांत विभागलेल्या कामात अशी शिफारस पुढे सरकणं अवघड जातं.

घाईने केलेल्या दुरुस्तीचं काय होतं, तेही आमदारांना जरूर सांगा. 2014 मध्ये कायद्याच्या व्याख्यांत एक नवं पोटकलम घातलं आणि 'अवैध व्यापारा'ची जुनी व्याख्या एक अक्षर पुढे सरकली. पण पैसा पुरवणाऱ्यांना शिक्षा देणाऱ्या कलम 27अ मध्ये संदर्भ जुन्याच अक्षराचा राहिला. म्हणजे सूत्रधारांना पकडणारं कलम सात वर्षं दुसऱ्याच व्याख्येकडे बोट दाखवत होतं. त्रिपुरा उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ते दाखवून दिल्यावर सप्टेंबरमध्ये अध्यादेश काढावा लागला आणि डिसेंबरमध्ये संसदेने मागील तारखेपासून दुरुस्ती केली. एका अक्षराने हे झालं.

आणि सर, निवेदन लिहिताना एक महत्त्वाची गोष्ट विसरू नका. वजनांचा तक्ता कायद्याच्या कलमात नाही, तो केंद्राच्या अधिसूचनेत आहे. यादीत नवा पदार्थ घालायचा असो की मात्रा बदलायची असो, केंद्र सरकार ते राजपत्रातल्या अधिसूचनेने करू शकतं, संसदेची वाट पाहावी लागत नाही. एमडी 2015 मध्ये तसंच आत आलं. म्हणून विधिमंडळाने शासकीय ठराव करून केंद्राला शिफारस केली, की व्यसनी माणसाच्या प्रत्यक्ष वापराचा डॉक्टरांकडून अभ्यास करून अल्प मात्रेच्या रेघा पुन्हा तपासा आणि भेसळीच्या मालात शुद्ध अंशाचाही विचार करा, तर ती मागणी पूर्ण होण्यासारखी आहे. 'शिक्षा दुप्पट करा' ही नाही.

तेव्हा मी तुमच्या जागी असते तर केंद्राकडे ही एक शिफारस मागितली असती. राज्याकडे पैसा आणि माणसं मागितली असती: प्रयोगशाळेतली रिक्त पदं, जिल्ह्याला एनडीपीएसचं वेगळं न्यायालय, प्रत्येक ठाण्याला चित्रणाचं साधन आणि चांगला वजनकाटा, तालुक्याला मान्यताप्राप्त उपचार केंद्र. मकोकाबद्दल एवढंच विचारलं असतं की तो किती कारखानदारांवर लागला आणि किती पुडीवाल्यांवर, याचा आकडा दर अधिवेशनात सभागृहापुढे ठेवा. आमदारांना असा प्रश्न विचारायला आवडतं, कारण त्याचं उत्तर मंत्र्यांना द्यावंच लागतं. तुमच्या सभेतले रागावलेले पालक आणि ते प्राध्यापक, दोघंही या मागण्यांवर सही करू शकतील असं मला वाटतं.

राहिला तो मुलगा. तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे, पण माझ्या मनात तोच राहिला. त्याच्या वडिलांना सांगा, घाईने गुन्हा कबूल करू नका. मोफत वकील तालुका विधी सेवा समितीकडे मिळतो. मुलगा 18 वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जायला हवं, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला आजच काढून ठेवा. त्याला खरंच सवय लागली असेल तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नाव नोंदवा आणि तो कागद वकिलांना द्या, 64अ च्या अर्जाला तो लागेल. आणि पंचनाम्याची प्रत मिळाली की सगळ्यात आधी बघा, पुडीचं वजन प्लास्टिकसकट लिहिलंय की प्लास्टिक वगळून. एमडीला अल्प मात्रेची रेघ 2 ग्रॅमवर आहे.